अण्णांचं चित्र : 'ऑफ' की 'बाय'?

खणभागकर
नमस्कार मंडळी. घाईत आहे, सरळ मुद्द्यावर येतो. आमचे आजोबा, म्हणजे गल्लीतल्या सगळ्यांचेच अण्णा, सांगलीत ड्रॉइंग मास्तर होते. शाळा सुटली की कृष्णेच्या घाटावर बसून स्वतःची चित्रं काढायची, हा त्यांचा रोजचा नेम. ती चित्रं पुढच्या महिन्यात प्रदर्शनात मांडतोय. दोन बहिणी परदेशात, त्यांची सासरची मंडळीही येणार. म्हणून प्रत्येक चित्राखाली मराठीत 'अण्णांचे चित्र' आणि त्याखाली इंग्रजीत 'पेंटिंग ऑफ अण्णा', अशा ३६ पाट्या छापून सनबोर्डावर चिकटवूनही झाल्या.

काल व्हिडिओ कॉलवर धाकट्या बहिणीच्या मुलाला आयर्विन पुलाचं जलरंगातलं चित्र दाखवलं. मुलगा तिकडच्या शाळेत शिकतो. पाटी वाचून म्हणतो, "मामा, यात पणजोबा कुठे आहेत? पुलावर सायकल धरून उभे आहेत ते का?" आम्ही खूप हसलो. फोन ठेवला आणि पोटात गोळा आला.

आता सगळीकडे 'बाय' करून टाकावं म्हटलं, तर तेही जमत नाही. लक्ष्मीचं एक तैलचित्र आहे, ते अण्णांनी भिंतीवरच्या रवि वर्मांच्या छापील चित्रावरून हुबेहूब केलंय. एक खुद्द अण्णांचं पोर्ट्रेट आहे, ते त्यांच्या विद्यार्थ्याने काढलेलं. २०१९ च्या पुरात माळ्याखालची ट्रंक भिजली, तीन चित्रांच्या सह्या वाहून गेल्या. ती अण्णांचीच असावीत, पण त्यांचे दोन-तीन विद्यार्थीही घरी बसून काढायचे. आणि शेवटी एक नाटकाचा पडदा, बारा बाय अठरा फुटांचा. तो अण्णांनी शेजारच्या बापूंबरोबर रंगवला. इंग्रजी येणाऱ्यांनी मार्ग दाखवावा.

हळदबाजार
पडद्यात 'बाय' आहेच की, बारा 'बाय' अठरा. एक काम झालं.
'ऑफ' म्हणजे आमच्याकडे लाइट जाणे. ते नकोच.

मिरजेचा मास्तर
खणभागकर, घाबरू नका. चूक तुमची कमी आणि आपल्या 'चा-ची-चे'ची जास्त. 'रवि वर्मांचं चित्र' म्हटलं की मराठीत तीन अर्थ एका पिशवीत बसतात: त्यांनी काढलेलं, त्यांच्या मालकीचं, आणि ज्यात ते स्वतः दिसतात ते. आपण बोलण्याच्या ओघात बरोबर तो अर्थ उचलतो. इंग्रजीत 'पेंटिंग ऑफ' म्हणून पुढे माणसाचं नाव ठेवलं की वाचणारा आधी त्या माणसाला चित्रात शोधतो. तुमच्या भाच्याने तेच केलं. पोरगं हुशार आहे.

म्हणून काढणाऱ्याला 'बाय', आणि चित्रात जो आहे त्याला 'ऑफ'. पोर्ट्रेटच्या पाटीवर दोन्ही एका ओळीत येतील: 'पोर्ट्रेट ऑफ अण्णा, बाय' आणि पुढे विद्यार्थ्याचं नाव. ही एकच पाटी अशी आहे की तिच्यातला 'ऑफ' जसाच्या तसा ठेवायचा.

पण 'ऑफ' कर्त्याला कधीच लागत नाही असं समजू नका, नाहीतर उद्या कुणीतरी उलटी दुरुस्ती करायला यायचा. 'द प्लेज ऑफ देवल', 'द कलेक्टेड पोएम्स ऑफ' अमुक, हे अगदी शुद्ध. तिथे एकाची सगळी मिळकत एकत्र मोजलेली असते आणि पुढे 'द' असतो. एकच नाटक हातात घेऊन 'अ प्ले ऑफ देवल' म्हटलं की मात्र कानाला खडा लागतो. तिथे 'अ प्ले बाय देवल'.

खणभागकर
मास्तर, हात जोडले. म्हणजे बॅनरवर 'द पेंटिंग्ज ऑफ अण्णा' चालेल?

मिरजेचा मास्तर
व्याकरणाने चालेल. पण तुमचा भाचा येणार आहे ना? 'पेंटिंग्ज बाय अण्णा' करा.

हरिपूरची लेक
नाटककार गोविंद बल्लाळ देवल आमच्या हरिपूरचे. त्यांचं नाव निघालं आणि हरिपूरच्या माणसाने गप्प बसायचं हे काही बरं नव्हे. आपल्याकडे 'बाय'ला नेमका शब्द होता की! जुन्या नाटकांच्या जाहिरातीत 'कृत' छापायचे. 'देवलकृत' म्हटलं की चित्रात कोण, मालक कोण, असला घोळच उरत नाही. पोथ्यांत 'विरचित'. हे शब्द आपणच माळ्यावर टाकले आणि सगळा भार 'चे'वर दिला. माझं मत विचाराल तर मराठी पाटीवरही 'अण्णांचे चित्र' न लिहिता 'चित्रकार : अण्णा' लिहा. घोळ मुळातच मिटेल.

आता नाटकाचं सांगते, कारण तुमच्या लक्ष्मीला ते उपयोगी पडेल. 'शारदा' १८९९ चं, कथा देवलांची, पदं देवलांची. नुसतं 'बाय देवल', विषय संपला. 'संशयकल्लोळ' तसं नाही. ते आर्थर मर्फी या लेखकाच्या 'ऑल इन द राँग' या १७६१ च्या इंग्रजी नाटकावरून आलं. आधी ते गद्य होतं, 'फाल्गुनराव' नावाचं. मग पदं घालून १९१६ साली संगीत झालं. आमच्या हौशी मंडळाने मागे याचे प्रयोग केले तेव्हा इंग्रजी पत्रकात 'संशयकल्लोळ बाय देवल' एवढंच छापलं होतं. पाहुण्यांतल्या एका बाईंनी विचारलं, मग मर्फी कुठाय? आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो.

बरोबर ओळ अशी: 'बाय देवल, अडॅप्टेड फ्रॉम ऑल इन द राँग बाय आर्थर मर्फी'. एकाच ओळीत दोन 'बाय', आणि दोन्ही हक्काचे.

नियमावर बोट
'अडॅप्टेड फ्रॉम' आणि 'बेस्ड ऑन' यात फरक काय? सिनेमावाले वाट्टेल ते टाकतात. आणि दुसरं, दुसऱ्याचं नाटक घेतलं तर 'बाय देवल' कसं काय? प्रामाणिकपणे 'ट्रान्सलेटेड बाय' म्हणा.

हरिपूरची लेक
नाही हो. नाटकातला फाल्गुनराव कुठल्याही अंगाने इंग्रज वाटतो का? संवाद बसल्या जागी नव्याने लिहिलेत, पदं तर मर्फीकडे नव्हतीच. भाषांतर म्हणणं म्हणजे देवलांवर अन्याय, आणि नुसतं 'बाय' म्हणून थांबणं म्हणजे मर्फीवर. म्हणून दोन्ही.
तुमच्या पहिल्या प्रश्नाचं: मूळ कृती उचलून नव्या अंगावर बेतली की 'अडॅप्टेड फ्रॉम'. सांगाडा किंवा बीज घेतलं आणि बाकी मोकळं सोडलं की 'बेस्ड ऑन'. बघा, एकात 'फ्रॉम', दुसऱ्यात 'ऑन'. 'बेस्ड फ्रॉम' लिहिणारे भेटतात, त्यांना भडंग देऊन घरी पाठवावं.

नियमावर बोट
पण मर्फीने तरी कुठे स्वतःचं लिहिलं? त्याचं मूळ फ्रेंच नाटककार मोलिएरच्या १६६० च्या 'स्गानारेल'मध्ये आहे. मग पत्रकात मोलिएरही घाला!

मिरजेचा मास्तर
चांगला मुद्दा काढलात. माझा हिशेब शेजारणीकडच्या विरजणासारखा आहे. विरजण ज्या घरून आणलं त्या घराचं नाव सांगायचं. त्या घरात ते कुठून आलं, हे गप्पांत. देवलांनी मर्फी समोर ठेवून काम केलं, म्हणून 'फ्रॉम'पुढे मर्फी. मोलिएर पत्रकाच्या आतल्या टिपणात.

जाता जाता एक गंमत. तुमच्या 'ऑफ'चा आणखी एक सुंदर वापर जुन्या इंग्रजी पुस्तकांवर दिसतो: 'ट्रान्सलेटेड फ्रॉम द संस्कृत ऑफ कालिदास'. इथे 'ऑफ' म्हणजे कालिदासाची ती संस्कृत. आणि विल्यम जोन्सने १७८९ मध्ये 'शाकुंतल' इंग्रजीत आणलं तेव्हा शीर्षकपानावर लेखक म्हणून 'बाय' कालिदासाला दिला आणि स्वतःचं काम 'फ्रॉम द ओरिजिनल' असं सांगितलं. भाषांतरकाराने मूळ लेखकाच्या खुर्चीत बसायचं नाही, हे त्याला तेव्हाच कळत होतं. आणखी एक बारकावा: भाषेच्या नावाआधी 'द' लावायची रीत आहे, 'फ्रॉम द मराठी'. हे 'द' आपले लोक हमखास गाळतात.

औंधवाट
लक्ष्मीच्या चित्राबद्दल कुणीच सांगितलं नाही, म्हणून मी. इथे 'बाय अण्णा' एवढंच लिहाल तर खोटं होईल, आणि 'बाय रवि वर्मा' लिहाल तर गुन्हा होईल.

चित्रांच्या जगात यासाठी 'आफ्टर' आहे. 'आफ्टर राजा रवि वर्मा' म्हणजे मांडणी रवि वर्मांची, हात दुसऱ्याचा. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला वाटलं, काळाने नंतरचा चित्रकार असेल! साताऱ्याहून औंधला बरेचदा जातो. तिथलं श्री भवानी चित्रसंग्रहालय भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलं. तिथे रवि वर्मांची मूळ चित्रं आहेत, हेन्री मूरचं 'मदर अँड चाइल्ड' हे शिल्पही आहे, आणि युरोपातल्या जुन्या चित्रांच्या नकलाही आहेत. मूळ आणि नक्कल एकाच छपराखाली पाहिली की 'आफ्टर' या शब्दाची गरज डोळ्यांना कळते. नक्कल म्हणजे चोरी नव्हे, त्या काळी शिकायचा तो रस्ताच होता. पण कुणावरून शिकलो ते सांगितलं पाहिजे.

तुमची पाटी: 'लक्ष्मी, बाय अण्णा, आफ्टर राजा रवि वर्मा'. मराठीत 'वरून' हा एकच शब्द पुरतो: 'रवि वर्मांच्या चित्रावरून'. किती सोपं!

नियमावर बोट
थांबा. मास्तर म्हणाले विरजण जिथून आणलं त्याचं नाव. अण्णांनी मूळ तैलचित्र पाहिलंच नाही, छापील प्रत पाहिली. मग 'आफ्टर' छापखाना?

औंधवाट
हा हा. नाही. छापील चित्र हेच मुळात 'आफ्टर रवि वर्मा' होतं. दगडावर रंगांचे थर वेगळे करून उतरवणारे कारागीर दुसरे, मांडणी त्यांची नव्हे. 'आफ्टर' मांडणी करणाऱ्यापर्यंत मागे जातो. 'फ्रॉम' जवळच्या घराशी थांबतो. फारच काटेकोर व्हायचं असेल तर खाली बारीक अक्षरात 'कॉपीड फ्रॉम अ प्रिंट' लिहा.

मिरजेचा मास्तर
मान्य. माझं विरजण नाटकापुरतं.

औंधवाट
आता सह्या गेलेल्या तीन चित्रांचं. लिलाववाले आणि संग्रहालयवाले यासाठी एक उतरंड वापरतात. 'अट्रिब्यूटेड टू' म्हणजे आमच्या मते बहुधा त्यांचंच. 'स्टुडिओ ऑफ' म्हणजे त्यांच्या कार्यशाळेत, कदाचित त्यांच्या देखरेखीखाली झालेलं. 'सर्कल ऑफ' म्हणजे त्याच काळातलं, त्यांच्या प्रभावातलं. 'फॉलोअर ऑफ' म्हणजे त्यांच्या धाटणीने काढणारा, शिष्य असेलच असं नाही. 'मॅनर ऑफ' म्हणजे शैली तीच पण काळ मागाहूनचा. एकेक पायरी उतरलं की मूळ माणूस लांब जातो. आणि बघा, या सगळ्यांत 'ऑफ' किती निरुपद्रवी आहे, कारण त्याच्याआधी काम करणारा शब्द उभा आहे.
तुमच्यासाठी 'अट्रिब्यूटेड टू अण्णा'.

खणभागकर
हे घरी वाचून दाखवलं आणि भांडण लागलं. थोरले बंधू म्हणतात, "आपल्याच आजोबांवर शंका? आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर चढलं तेव्हा ती ट्रंक मी डोक्यावरून बाहेर काढलीय, आणि आता पाटीवर 'बहुधा' लिहायचं?" मी म्हटलं, दादा, ट्रंक तू काढलीस, चित्रं कुणी काढली हा प्रश्न आहे. दोन दिवस अबोला होता. शेवटी आत्याने तोडगा काढला. एका चित्रातला डोंगराचा निळा पाहून ती म्हणाली, "हा निळा अण्णांचा नाही, अण्णा निळ्यात नेहमी थोडा तपकिरी घालायचे." म्हणजे दोनांवर 'अट्रिब्यूटेड टू', एकावर 'स्टुडिओ ऑफ'. आमच्या ओसरीला स्टुडिओ म्हणताना जरा लाजल्यासारखं झालं, पण असो.

डीटीपीवाला
पत्रक माझ्याकडे आलंय म्हणून मीही तोंड उघडतो. आयर्विन पुलाचा फोटो टाकलाय आणि खाली 'फोटो फ्रॉम गूगल'. गूगलने कॅमेरा घेऊन सांगलीत यायला काय पुलाचं १९२९ सालचं उद्घाटन होतं? कुणी काढला ते 'बाय', कुठल्या साइटवरून घेतला ते 'फ्रॉम', कुठल्या परवान्याखाली ते 'अंडर'. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याच्या नावातच 'बाय' असतो, त्याचा अर्थच मुळी 'श्रेय द्या'. 'लायसन्स्ड बाय' लिहाल तर परवाना देणारा माणूस समजतील. परवान्याला 'अंडर'.

आणि एक जुना फोटो तुम्ही शेजाऱ्यांकडून आणलाय ना, अण्णा फळ्यापुढे उभे असलेला? त्याला 'फोटो बाय' त्या शेजाऱ्यांचं नाव टाकलंय. त्यांनी काढला नाही, अल्बममधून काढून दिला. तिथे 'कर्टसी ऑफ'. चित्र कुणी कायमचं भेट दिलं असेल तर 'गिफ्ट ऑफ', परत न्यायच्या बोलीवर दिलं असेल तर 'ऑन लोन फ्रॉम'. देताना 'ऑफ', उसनं देताना 'फ्रॉम'. हे मीसुद्धा चार पत्रकं चुकवून शिकलो.

तंबोरा
उद्घाटनाला गाणं ठेवलंय असं कळलं. पत्रकात 'तबला बाय', 'तानपुरा बाय' लिहू नका, विनंती. वाजवणाऱ्याला 'ऑन': 'ऑन द तबला' आणि नाव. किंवा लांबवायचं असेल तर 'अकंपनीड ऑन द तबला बाय'. 'तानपुरा बाय' लिहिलंत तर बाकी गावात चालून जाईल, मिरजेत लोक कारागिराचं नाव समजतील! २०२४ मध्ये इथल्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यामुळे आता तर जास्तच. खरं तर कारागिराचंही नाव एकदा टाकून बघा, 'तानपुरा मेड बाय'. आमच्या गल्लीत भोपळा कापण्यापासून जवारी, म्हणजे तारेचा झंकार, काढेपर्यंत जे चालतं, ते कुठल्या पत्रकात आलेलं मी तरी पाहिलं नाही.
'साँग बाय' पण टाळा. गायलं कोणी, चाल कोणाची, शब्द कोणाचे, काही कळत नाही. 'संग बाय', 'कंपोज्ड बाय', 'लिरिक्स बाय', वेगवेगळं.

हळदबाजार
एवढ्या 'बाय बाय'मध्ये पाहुणे आल्या पावली परत जायचे.

खणभागकर
शेवटचा प्रश्न, पडद्याचा. रस्त्याचा पडदा आहे: दोन्हीकडे माडीची घरं, मधे दूर जाणारी वाट, टोकाला देवळाचं शिखर. घरात आजवर 'अण्णांचा पडदा' म्हणतात. पाटीवर 'बाय अण्णा, विथ बापू' लिहिलंय. बापूंच्या घरचे प्रदर्शनाला येणार. बरोबर वाटतं का?

मिरजेचा मास्तर
'विथ' जपून. इंग्रजी पुस्तकांवर मोठ्या माणसाच्या आत्मचरित्रात मोठं नाव वर आणि प्रत्यक्ष लिहिणाऱ्याचं नाव खाली 'विथ' लावून असतं. म्हणजे मालक आणि मदतनीस. बापू मदतनीस होते का?

डीटीपीवाला
हॉलिवूडच्या लेखकांच्या संघटनेत तर याहून बारीक आहे. दोघांनी एकत्र बसून पटकथा लिहिली असेल तर नावांमध्ये ते वळणदार अँपरसँड चिन्ह, आणि एकाने आधी, दुसऱ्याने मागाहून स्वतंत्र लिहिली असेल तर अक्षरी 'अँड'. नुसत्या चिन्हावरून कळतं की एका टेबलावर बसले होते की नाही.

हरिपूरची लेक
खणभागकर, पडद्यावर दोघांनी नेमकं काय काय केलं ते आधी सांगा. मग शब्द शोधू.

खणभागकर
आत्याला विचारून आलो. अण्णांनी ओसरीत कापड अंथरून कोळशाने आखणी केली, सुतळीला खडू लावून दूरच्या वाटेच्या रेषा मारल्या. एका दिवसाचं काम. पुढे सतरा दिवस रंग बापूंनी दिला, सरसात पावडर रंग कालवून. अण्णा शाळेत असायचे. शिखराचा सोनेरी तेवढा अण्णांनी शेवटी दिला.

मिरजेचा मास्तर
झालं की मग. प्रिपोझिशन अडतं ते क्रियापद लपवल्यामुळे. नुसता 'बाय' टाकला की कोणी काय केलं ते झाकलं जातं, मग 'विथ', 'अँड' यांची ओढाताण. क्रियापद उघडं करा: 'डिझाइन्ड बाय अण्णा, पेंटेड बाय बापू'. दोघांनाही पूर्ण 'बाय'.

खणभागकर
तसंच केलं. दादा कुरकुरले, पण छापलं.

खणभागकर
काल प्रदर्शन झालं. भाच्याने ३६ च्या ३६ पाट्या तपासल्या आणि पास केलं. फक्त 'आफ्टर' पाहून विचारलं, "मामा, रवि वर्मा आधी गेले का?" औंधवाट, तुमची आठवण आली.

दुपारी बापूंची मुलगी आली, सत्तरी ओलांडलेली. पडद्यापुढे बराच वेळ उभी होती. इंग्रजी वाचता येत नाही म्हणाली, म्हणून मी पाटी वाचून दाखवली, 'पेंटेड बाय बापू'. तिने मान हलवली. मग खालच्या कडेला जिथे रंगाची खपली निघालीय तिथे बोट टेकवून म्हणाली, "सरस आईनं कढवला व्हता. रोज पहाटे उठून. घट्ट झाला की रंग तडकतो, पातळ झाला की धरत न्हाई. तिचं कुठं लिवलंय?"

पाटी पुन्हा छापतोय. मास्तर, सरसाला इंग्रजीत काय म्हणायचं?

मिरजेचा मास्तर
रंगारी लोक 'साइज' म्हणतात, पण पाहुण्यांना वाटेल मापच सांगताय. 'ग्लू प्रिपेअर्ड बाय' लिहा. आणि त्या माउलीचं नाव आधी विचारून घ्या, नाहीतर पुन्हा 'बापूंची बायको' छापाल.